आठ पायांची चिप

(एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं कार्ड, पहिल्या रांगेपासून मागपर्यंत फिरवा. जुनं आहे, पण बंद पडलेलं नाही, तेव्हा जपून. हाताला थोडी धूळ लागेल. वरच्या कडेला एक बारीक खटका आहे, तो शोधा. मी बोलतोय तोवर प्रत्येकाच्या हातात एकदा येऊन जाऊ दे.

रेडिऑन एचडी ६९५०. १५ डिसेंबर २०१० ला एएमडी या चिप कंपनीने दोन कार्डं एकाच दिवशी काढली, ६९५० आणि ६९७०. अमेरिकेत एकाची किंमत २९९ डॉलर, दुसऱ्याची ३६९. दोन्हींच्या आत चिप तीच, केमन नावाची. त्या चिपमध्ये गणित करणारे २४ गट असतात आणि प्रत्येक गटात ६४ शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारी छोटी एककं. ६९७० मध्ये चोवीसच्या चोवीस गट चालू, म्हणजे १५३६ शेडर. ६९५० मध्ये दोन गट बंद, उरले १४०८. ६९७० चा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, ८८० मेगाहर्ट्झ, ६९५० चा ८००.

आता ते दोन गट बंद का? याचं पुस्तकी उत्तर असं की चिपा बनवताना काही बिघडतात. सिलिकॉनच्या तबकडीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात, एखादीत कुठेतरी दोष राहतो. ती फेकून देण्यापेक्षा दोषी भाग बंद करायचा आणि स्वस्त कार्डात विकायची. रास्त आहे. कोकणात आंबा काढल्यावर तो वजनावर निवडतात; मोठं फळ वेगळ्या पेटीत, लहान वेगळ्या. झाड एकच. पण एखाद्या वर्षी सगळाच आंबा मोठा लागला आणि गिऱ्हाईक मात्र लहान पेटी मागतंय, तर बागायतदार काय करेल? मोठं फळ लहान पेटीत घालेल.

केमनचं तेच झालं. अनेक ६९५० कार्डांवरचे ते दोन गट धडधाकट होते. नुसते कुलूपबंद. आणि कुलूप कुठे होतं, तर कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे सांगणाऱ्या, कार्डावरच साठवलेल्या प्रोग्राममध्ये. कार्ड बाजारात आल्यावर दोनच आठवड्यांत लोकांना कळलं की ६९७० चा बायॉस ६९५० वर चढवला तर कार्ड स्वतःला ६९७० समजतं आणि चोवीसही गट जागे होतात.

वर एएमडीने या कार्डांवर तो खटका दिला होता. कार्डात दोन बायॉस. एक लिहिता येणारा, दुसरा कारखान्यातला, संरक्षित. फ्लॅश, म्हणजे नवा बायॉस चढवणं, फसलं तर खटका सरकवा आणि मशीन पुन्हा चालू करा. चोराला घर दाखवून वर दिवाही लावून ठेवावा, तसा प्रकार. पुढच्या काळात आलेल्या कार्डांत ते गट कायमचे कापून टाकलेले निघू लागले आणि मग कुठलाही बायॉस चढवून उपयोग नव्हता.

इथवर ऐकून वाटेल की सत्तर डॉलर फुकटात मिळाले. तसं नव्हतं, आणि आज मला जे सांगायचंय ते इथेच आहे. ६९७० चा अख्खा बायॉस चढवला की शेडर तर येतात, पण त्याच्यासोबत मेमरीचा वेगही येतो, १२५० ऐवजी १३७५ मेगाहर्ट्झ. आणि ६९५० वर बसवलेल्या मेमरीच्या चिपा खरोखरच कमी वेगाच्या होत्या. तिथे कुलूप नव्हतं, ते मटेरियलच वेगळं होतं. शिवाय ६९७० ला वीज पुरवायला एक सहा पिनांची आणि एक आठ पिनांची जोडणी. ६९५० ला दोन्ही सहा पिनांच्या. हिशोब करा: मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉट, सहा पिना ७५, आठ पिना १५०. एका कार्डाची मर्यादा ३००, दुसऱ्याची २२५. बायॉस बदलून पिना वाढत नाहीत. लोकांचे गेम तासाभराने लटकायचे, पडद्यावर रंगीत ठिपके यायचे, आणि सगळे म्हणायचे शेडर खराब निघाले. शेडर चांगले होते, मेमरी दमत होती. नंतर शहाण्यांनी आपल्याच ६९५० चा बायॉस घेतला, त्यात फक्त गटांचं कुलूप उघडलं आणि बाकी आकडे होते तसे ठेवले. हे जे कार्ड फिरतंय, त्यात तसाच बायॉस आहे.

म्हणून मी नेहमी सांगतो, बायॉसच्या फाइलमध्ये जो आकडा दिसतो तो कुणीतरी ठरवलेला असतो, आणि हात लावण्याआधी तो कुणी ठरवला हे शोधावं. काही आकडे दुकानाने ठरवलेले असतात, काही भीतीने, काही तांब्याच्या तारेने. फाइलमध्ये सगळे सारखेच दिसतात.

ही फाइल असते तरी कुठे? कार्डावर आठ पायांची एक छोटी चिप असते, करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिच्यात पाचशे बारा केबी नाहीतर एखादा एमबी माहिती. संगणक चालू झाला की आधी ती वाचली जाते. फाइल उघडलीत तर सुरुवातीचे दोन बाइट ५५ आणि एए दिसतील. तिसरा बाइट लांबी सांगतो, ५१२ बाइटांच्या तुकड्यांत. आणि त्या भागातल्या सगळ्या बाइटांची बेरीज केली की शेवटचे दोन अंक शून्य यावे लागतात, सोळाच्या पद्धतीने मोजल्यावर. म्हणजे एक आकडा बदललात तर तो तोल सांभाळायला आणखी एक बाइट बदलावा लागतो. पूर्वी पहारा एवढाच होता. रेशन दुकानातल्या वहीची बेरीज जुळली की झालं.

एएमडीची प्रतिस्पर्धी कंपनी एनव्हिडियाने हे दार लवकर लावलं. मॅक्सवेल पिढीपर्यंत, म्हणजे जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत लोक बायॉसमधली विजेची मर्यादा आणि व्होल्टेजचे तक्ते सर्रास बदलत होते. २०१६ मध्ये पास्कल पिढी आली, तेव्हापासून बायॉसवर डिजिटल सही आली. बेरीज जुळवून भागेना. सही नसेल तर चिपमधला सुरक्षेसाठीचा छोटा प्रोसेसर तो बायॉस घेतच नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये काही जणांनी अशी साधनं काढली की एका कंपनीच्या कार्डावर दुसऱ्या कंपनीचा, पण सही असलेला बायॉस चढवता येतो. मनाजोगता बायॉस लिहिणं मात्र त्यानेही जमत नाही. एएमडीनेही २०१७ च्या व्हेगा कार्डांपासून सही तपासायला सुरुवात केली.

व्हेगा ५६ चं प्रकरण मला फार आवडतं, कारण तिथे शेडरचं कुलूप कधीच उघडलं नाही. स्वस्त ५६ मध्ये ३५८४ शेडर, महागड्या व्हेगा ६४ मध्ये ४०९६. ६४ चा बायॉस चढवला तरी ५६ चे ३५८४ च राहिले. मग लोक तो चढवत का होते? मेमरीच्या व्होल्टेजसाठी. ५६ मध्ये एचबीएम प्रकारच्या मेमरीला १.२५ व्होल्ट मिळायचे आणि ती ८०० मेगाहर्ट्झवर चालायची. ६४ च्या बायॉसमध्ये १.३५ व्होल्ट आणि ९४५. सेकंदाला ४१० गिगाबाइटांवरून थेट ४८४. हे व्होल्टेज कुठल्याही सॉफ्टवेअरमधून हलत नव्हतं, बायॉस बदलणं हाच एक रस्ता. ज्यांच्या कार्डावर सॅमसंगची मेमरी होती त्यांचं बहुतेक वेळा जमलं. हायनिक्सवाल्यांची पंचाईत झाली. खोक्यावर मेमरी कुणाची आहे हे लिहिलेलं नसतं हो!

आणि कधी कधी कंपनी स्वतःच हा उद्योग करते. जानेवारी २०२० मध्ये एएमडीचं आरएक्स ५६०० एक्सटी यायचं होतं, २७९ डॉलरला. एनव्हिडियाने ऐन वेळी आरटीएक्स २०६० ची किंमत २९९ वर आणली. एएमडीने काय करावं? विक्री सुरू व्हायला काही दिवस उरले असताना नवा बायॉस धाडला. मर्यादा १५० वॉटवरून १६०, मेमरीचा वेग सेकंदाला १२ वरून १४ गिगाबिट. कार्डं तोवर खोक्यांत भरून जहाजावर, विमानात, गोदामात. म्हणजे विकत घेणाऱ्यानेच घरी खोकं उघडून बायॉस फ्लॅश करायचा. जे काम पोरांनी केलं तर वॉरंटी जाते, तेच काम आता कंपनी गिऱ्हाइकाला करायला सांगत होती. एका बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने उघड म्हटलंही की आम्ही घेतलेल्या मेमरीला १४ झेपेल याची खात्री प्रत्येक चिपबाबत देता येत नाही. हाच माझा मुद्दा. १५० हा आकडा कुठून आला होता? तो निसर्गाचा असता तर एका आठवड्यात १६० झाला नसता.

निसर्गाचे आकडे वेगळे असतात. चिपमध्ये खर्च होणारी वीज क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. क्लॉक दहा टक्के वाढवला, तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ चा घन. १.३३. तेहेतीस टक्के जास्त उष्णता, आणि गेममध्ये ६० एफपीएसचे, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचे, फार तर ६६. विदर्भात मे महिन्यात खोलीत चाळीस-बेचाळीस अंश असतात; पंखा त्याच हवेने कार्ड थंड करणार. युरोपातल्या कुणीतरी दिलेले व्होल्टेजचे आकडे अकोल्यात डोळे मिटून टाकू नका. मी टाकले होते.

माझी एक चूक सांगतो. २०११, अकोला. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज ते पाळायची नाही. मामेभावाचं कार्ड होतं, खटका नसलेलं, एकच बायॉस. यूपीएसची बॅटरी कधीच संपली होती. फ्लॅश करायला घेतलं, निम्म्यावर लिहून झालं आणि लाइट गेली. परत आली तेव्हा ते कार्ड लावलं की मशीन चालूच होईना. मामा बाहेरून विचारतोय, "झालं का रे?" मी म्हटलं, "होतंय, मामा."

तेव्हा मला त्या आठ पायांची पहिल्यांदा ओळख झाली. पाय नंबर १ हा चिपला 'आता तुला बोलवलंय' असं सांगणारा. तो खाली ओढला की चिप बोलते. पाय नंबर ८ वर वीज. हे दोन जोडून धरले तर पहिला पाय वरच राहतो, चिप गप्प बसते, बिघडलेला बायॉस वाचलाच जात नाही आणि मशीन मदरबोर्डच्या ग्राफिक्सवर सुरू होतं. सुरू झालं की जोड काढायचा आणि नीट बायॉस परत लिहायचा. मी ते आईच्या डब्यातल्या शिवणाच्या सुईने केलं. तुम्ही करू नका. सुई जरा बाजूला सरकली असती तर शेजारचे पाय गेले असते. आता क्लिप लावून चिप थेट वाचणारी-लिहिणारी स्वस्त यंत्रं, म्हणजे प्रोग्रामर, मिळतात. घेताना एवढं बघा की नव्या कार्डांवरच्या कित्येक चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिले की चिपच जळू शकते, मग सुईची गरजच उरत नाही.

मायनिंगबद्दल, म्हणजे कार्डाकडून गणितं करवून आभासी चलन मिळवण्याबद्दल, थोडक्यात. एएमडीच्या आरएक्स ४७०, ५७०, ५८० वर मायनिंगवाले क्लॉक नव्हे तर मेमरीचं टायमिंग, म्हणजे दोन कामांमध्ये मेमरीने किती थांबायचं ते, बदलायचे. कमी वेगासाठीचं घट्ट टायमिंग उचलून जास्त वेगाच्या खणात चिकटवायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ही कार्डं जुन्या बाजारात लोटली, लॅमिंग्टन रोडवरसुद्धा. घेणाऱ्या पोराला काय दिसतं? ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड ४३. ड्रायव्हरला बायॉसची सही पटत नाही. कार्ड मेलेलं नसतं, मूळ बायॉस परत चढवला की बहुतेक वेळा उठून बसतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे नावच बदललेली कार्डं. जुनं जीटीएस ४५० घ्यायचं, बायॉसमध्ये जीटीएक्स १०५० टीआय लिहायचं आणि विकायचं. विंडोज बिचारं जे लिहिलंय तेच वाचून दाखवतं. २०१८ पासून जीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर अशा कार्डांच्या नावापुढे खोटं असल्याची खूण करतं, म्हणून जुनं कार्ड घेताना ते पेनड्राइव्हवर घेऊनच जा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आजच्या कार्डांवर हे सगळं करावं का, हा प्रश्न येणार हे माहीत आहे. गेमसाठी म्हणाल तर फारसं नाही. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत आपोआप क्लॉक वाढवण्याची सोय आली, आणि तेव्हापासून उरलीसुरली मलई कार्ड स्वतःच खाऊन टाकतं. माझ्या सध्याच्या कार्डाचं मी व्होल्टेज उलट कमी केलंय. एफपीएस जवळपास तेवढेच, पंखा शांत. यात बायॉसला हातही लावावा लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मजाही आली नाही.

कोण, मागून? तुझ्याकडे ५७० आहे आणि कोड ४३ येतोय? घेऊन ये की. चढवायचा बायॉस तुझ्याच कार्डाच्या मॉडेलचा आणि तुझ्याच मेमरीचा हवा, तेवढं आधी बघू. आणि आत्ता जो आहे तो आधी जपून ठेव, बिघडलेला असला तरी.

माझं कार्ड आलं का परत? हं. खटका दुसऱ्या बाजूला गेलाय. कुणी सरकवला? असू दे, काही झालेलं नाही. फक्त ते आता परत ६९५० झालंय.