आरसा कोणी फिरवायचा?

कोल्हापुरातील एका शाळेची ही प्रयोगशाळा. बाहेर आषाढाचे आभाळ भरून आले आहे आणि नववीच्या मुली सूक्ष्मदर्शकाचा आरसा त्या आभाळाकडे वळवत आहेत. ढगांतून येणारा हा पसरट, सौम्य उजेड या कामाला उत्तम असतो. आरशावर थेट ऊन घेणे डोळ्यांना घातक असल्यामुळे ते कटाक्षाने टाळायचे असते. अनेक ठिकाणी शिक्षक उपकरण जुळवून ठेवतात आणि विद्यार्थी रांगेने येऊन क्षणभर डोकावून जातात. या वर्गात बाईंनी उजेड मिळवण्यापासून प्रतिमा स्पष्ट करण्यापर्यंतचे सारे काम प्रत्येक मुलीवर सोपवले आहे, आणि ते योग्यच आहे.

कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलून, काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरला जातो आणि त्यावर आयोडीन सोडले जाते. आता हाताचा संथपणा पाहा. आच्छादक काच एकदम सपाट टेकवली, तर खाली हवा कोंडते आणि काळ्या कडांचे बुडबुडे दिसतात, ज्यांना नवखी नजर पेशी समजते. म्हणून काचेची एक कड आधी टेकवून दुसरी सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणायची.

सुरुवात दहापट वर्धनाच्या पदार्थभिंगाने, म्हणजे काचपट्टीकडच्या भिंगाने, होते. बाजूने पाहत भिंग काचपट्टीजवळ आणायचे आणि मग नेत्रिकेला, म्हणजे वरच्या भिंगाला, डोळा लावून मोठ्या स्क्रूने ते दूर नेत जायचे. उलट केले, तर भिंग काचेवर आपटते. नेत्रिकाही दहापट असल्याने, विटांच्या भिंतीसारखी दिसणारी ही रचना मुळापेक्षा १०० पट मोठी आहे. चाळीसपट भिंग फिरवले की वर्धन ४०० होते, पण दृश्यवर्तुळ सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे उरते, उजेड मंदावतो आणि येथून पुढे फक्त बारीक स्क्रू वापरायचा असतो. काचपट्टी डावीकडे सरकवली की प्रतिमा उजवीकडे जाते. बोटांना ही सवय लागायला वेळ लागतो आणि तो वेळ येथे दिला जातो.

१६६५ साली रॉबर्ट हुक यांनी बुचाच्या कापात पाहिलेले कप्पे रिकामे होते. कांद्याच्या या कप्प्यांत मात्र आयोडीनने पिवळसर-तपकिरी झालेले केंद्रक आहे आणि मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीने, बाजूला सारल्यामुळे ते बहुधा पेशीभित्तीलगत दिसते. एका मुलीने ते मधोमध न काढता दिसले तसेच कडेला काढले आहे. बाई ती आकृती खोडायला सांगत नाहीत.

दुसऱ्या काचपट्टीवर रंकाळा तलावाचे पाणी आहे, केंदाळाच्या मुळांजवळून भरलेले. जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे पॅरामेशियम, एक एकपेशीय जीव, वर्तुळातून सुसाट निघून जाते. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकल्यावर त्याची वाट अडते, आणि मंचाखालचा, उजेड कमी-जास्त करणारा डायाफ्राम थोडा मिटवल्यावर त्याच्या पारदर्शक शरीराच्या कडा उठून दिसतात. शेजारचे हिरवे पुंजके शैवालाचे आहेत. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद मिळाले की ते फोफावते, पाण्यातील प्राणवायू रात्री घटतो आणि मासे मरतात.

आकृतीखाली मुलींनी ठिकाण, तारीख आणि वर्धन नोंदवले आहे. पुढच्या तासाला पाणी पंचगंगेचे असेल.