तोच तास, निराळी मुले

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आला, तेव्हा आपली सारी चर्चा रेंज, डेटा आणि घरात फोन किती यांभोवती फिरत राहिली. ती आवश्यकच होती. पण सारखाच फोन आणि सारखीच रेंज असलेल्या दोन मुलांना तोच तास इतका निराळा का वाटतो, हा प्रश्न मागे पडला. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी स्वभावात आहे.

वर्गात हात वर करायला कचरणारी मुलगी चॅटमध्ये शंका लिहू लागते, कारण तिला वाक्य मनात जुळवायला उसंत मिळते आणि चाळीस माना तिच्याकडे वळत नाहीत. मात्र कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती झाली, की तीच मुलगी पुन्हा मिटून जाते. सगळ्यांच्या चेहऱ्यांबरोबर तिचा स्वतःचा चेहराही तासभर तिच्यासमोर असतो. म्हणूनच ‘लाजऱ्या मुलांना ऑनलाइन मानवते’ हे सरसकट विधान मला पटत नाही. याउलट, शेजारच्याशी बोलता बोलताच ज्याला गणित उमगते, तो मुलगा सगळ्यांचे माइक बंद असलेल्या वर्गात हरवतो, आणि आपण त्याला चंचल ठरवून मोकळे होतो.

माझ्या मते अंतर्मुख-बहिर्मुख या भेदाहूनही अधिक महत्त्वाचा आहे तो नेटकेपणा, ज्याला मानसशास्त्रज्ञ कर्तव्यदक्षता म्हणतात. परीक्षेतील यशाशी त्याचा संबंध संशोधनातून वारंवार दिसला आहे. शाळेत घंटा, बाईंची नजर आणि शेजारच्याची उघडी वही या गोष्टी विस्कळीत मुलालाही सावरून धरतात. घरी हा आधार सुटतो, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली रेकॉर्डिंग साचत जातात, आणि ज्याला आपण आळस म्हणतो तो पुष्कळदा त्या सुटलेल्या आधाराचाच परिणाम असतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये दूरशिक्षणासाठीच झाली, तरी असा आधार म्हणून तिथेही अभ्यासकेंद्रे आणि शिक्षक-विद्यार्थी भेटीची संपर्कसत्रे आहेत.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: उत्तर बोलून, लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून देण्याची मोकळीक ठेवा, चौघाचौघांचे गट करा, महिन्याच्या एका मोठ्या गृहपाठाऐवजी दर आठवड्याला थोडे काम द्या, आणि दोन तास गैरहजर राहिलेल्या मुलाला रागवण्याआधी एक फोन करा.