आर्मस्ट्राँगनं पाठवलेलं ट्रम्पेट

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या वरातीत बँडवाला गाल फुगवून जे ट्रम्पेट वाजवतो, तेच हातात घेऊन जगभर गाजलेल्या एका कलावंताबद्दल आज बोलणार आहे. दक्षिण आफ्रिकेचा जॅझवादक ह्यू मासेकेला.

जन्म १९३९चा, विटबँक या कोळशाच्या खाणींच्या गावातला. पुढे शिकायला जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स शाळेत. मुलगा हुशार, पण द्वाड. शिक्षकांशी सारखे खटके. तिथले धर्मगुरू होते फादर ट्रेव्हर हडलस्टन, इंग्लंडहून आलेले आणि वर्णभेदी सरकारविरुद्ध उघडपणे बोलणारे. त्यांनी त्याला विचारलं, बाळा, तुला हवंय तरी काय? पोरानं तेव्हा एक सिनेमा पाहिला होता, नायक ट्रम्पेट वाजवणारा. तो म्हणाला, मला ट्रम्पेट मिळालं तर मी पुन्हा कुणाला त्रास देणार नाही.

आता लक्ष देऊन ऐका. फादर उपदेश करत बसले नाहीत. त्यांनी ट्रम्पेट आणून दिलं. शिकवायला शहरातल्या बँडचा जाणता वादक आणला. ते बघून इतर मुलंही वाद्यं मागू लागली, आणि शाळेचा जॅझ बँडच उभा राहिला.

आपल्याकडे कितीतरी शाळांत ढोल आणि बिगुल कपाटात कुलूपबंद असतात. १५ ऑगस्टला बाहेर, २६ जानेवारीला बाहेर, की पुन्हा आत. माझं स्पष्ट मत आहे, ती रोज मुलांच्या हातात द्यावीत. वाजवून खराब झाली तर होऊ देत.

असो. पुढे फादरना त्यांच्या धर्मसंघानं इंग्लंडला परत बोलावलं. वाटेत ते अमेरिकेत थांबले. तिथं भेटले लुई आर्मस्ट्राँग, साक्षात जॅझचे आद्य महारथी! फादरनी त्यांना आपल्या पोरांच्या बँडची हकिकत सांगितली. आणि आर्मस्ट्राँगनी काय केलं? स्वतःचं एक ट्रम्पेट जोहान्सबर्गला धाडून दिलं. पुन्हा सांगतो, स्वतःचं ट्रम्पेट, कधी न पाहिलेल्या शाळकरी मुलांसाठी! १९५६ साली ते पोचलं. आल्फ कुमालो यांनी टिपलेलं छायाचित्र आहे: ट्रम्पेट हातात घेऊन ह्यूनं उंच उडी मारली आहे, दोन्ही पाय अधांतरी, तोंडभर हसू.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५९ला 'जॅझ एपिसल्स' हा बँड. १९६०ला दक्षिण आफ्रिकेतल्याच शार्पव्हिलला पोलिसांनी वर्णभेदी कायद्यांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांवर गोळीबार करून ६९ माणसं मारली, आणि त्याच वर्षी ह्यूनं देश सोडला. न्यूयॉर्कमध्ये संगीताचं शिक्षण घेतलं. १९६८ला 'ग्रेझिंग इन द ग्रास' ही त्याची धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. १९८७ला मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारं त्याचं गाणं आलं. १९९०ला मंडेला सुटले, आणि तीस वर्षांनी ह्यू मायदेशी परतला. २०१८च्या जानेवारीत तो गेला.

पण माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं गाणं 'स्टिमेला'. स्टिमेला म्हणजे आगगाडी. मोझांबिक, मलावी, झांबियाहून मजुरांना जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत आणून ओतणारी. ह्यूची आजी विटबँकला खाणकामगारांना घरी गाळलेली दारू विकायची. घरदार सोडून आलेली ती माणसं त्यानं लहानपणीच पाहिली होती. या गाण्यात इंजिनाची शिट्टी तो स्वतःच्या गळ्यातून काढतो. ऐकूया तर. रेडिओचा आवाज जरा वाढवा.