कुणी किती टाकलं, विचारायचं नाही

(दृश्य : सकाळ. शाळेचं फाटक. रिक्षांतून उतरणारी मुलं. वर्गाच्या दाराशी बाकावर ओळीने ठेवलेले पत्र्याचे डबे.)

निवेदन :
सोलापूरच्या पूर्व भागातली ही प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, कॅथलिक सिस्टर चालवतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला इथे प्रत्येक वर्गाच्या दाराशी डबे येऊन बसतात. तेलाचे रिकामे डबे, वरून कापलेले. कापलेली कड हातोडीने ठोकून आत वळवलेली, कारण इथे हात घालणारी पोरं सहा-सात वर्षांची आहेत. एकात ज्वारी, एकात तांदूळ, एकात तूरडाळ. सगळं एकत्र केलं तर निवडत कोण बसणार? चौथा डबा लहान, झाकणाला फट पाडलेला. तो चिल्लरीचा.

मुलं येतात, मूठ उघडतात, आत जातात. टीचर त्या वेळी फळ्यावर तारीख लिहीत असतात. रोज. पाठ दाराकडे. तारीख लिहायला किती वेळ लागतो? पण त्या लिहीतच राहतात, शेवटचं मूल बाकावर बसेपर्यंत.

(दृश्य : फळ्यावरचा हात. मागे ज्वारी पत्र्यावर पडल्याचा आवाज.)

निवेदन :
डब्याचा नियम एकच आहे. कुणी किती टाकलं, विचारायचं नाही. कुणी टाकलं नाही, हे तर मुळीच विचारायचं नाही.

हे दिवस ख्रिस्ती उपवासकाळाचे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून सुरू होणारे, ईस्टरपर्यंत चालणारे चाळीस दिवस. या काळात ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, माणसाकडून तीन गोष्टी मागते : प्रार्थना, उपवास आणि दान. आता उपवासाचा कायदा बघा. तो अठराव्या वर्षापासून एकोणसाठाव्यापर्यंतच्यांना लागू. मांस वर्ज्य करायचं, तेही चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांनी. मग दुसरीतल्या पोराच्या वाट्याला काय उरतं? प्रार्थना, आणि हा डबा.

तसं पाहिलं तर इथल्या बहुतेक मुलांचा उपवासकाळाशी काही संबंध नाही. सोलापुरात कॅथलिक कुटुंबं मोजकी. चर्चच्या कारभाराच्या दृष्टीने हे शहर पुणे धर्मप्रांतात येतं. तो धर्मप्रांत १८८६चा, पसरलेला मोठा, पण माणसं विरळ. वर्गाच्या हजेरीत आडनावं तेलुगू, कन्नड, मराठी, मुसलमान. त्यामुळे मुलांच्या तोंडी हा उपवासकाळ नाहीच. त्यांच्यासाठी हे 'डब्याचे दिवस'. २०२५ आणि २०२६, सलग दोन वर्षं रमजान आणि उपवासकाळ एक ते तीन दिवसांच्या अंतराने सुरू झाले. रोजे ठेवणाऱ्या घरातल्या एका मुलीने टीचरना विचारलं, आमच्यात जकातीचं दान देतात, ते वेगळं का हेच? टीचर म्हणाल्या, अब्बूंना विचार. शहाणं उत्तर.

(दृश्य : घराचा उंबरा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं. विड्या वळणारे हात.)

निवेदन :
ही मुलं कुठून येतात, ते बघायला फार लांब जावं लागत नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि पुढची कित्येक दशकं सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुरुष यंत्रमागावर गेले. बायका विड्या आधीपासून वळत होत्याच. आता घर त्यांच्यावरच आलं. रात्री पानं भिजवायची, पहाटे कापायची, दिवसभर वळायची, दोरा बांधायचा, मोजून कारखान्यात नेऊन द्यायची. मजुरी हजार विड्यांवर. त्यातली खराब म्हणून बाजूला काढली तर ती गेली.

अशा घरातलं पोर मूठभर तांदूळ घेऊन येतं. त्याच पोराचा गणवेश बहुधा याच शाळेच्या मदतीतून शिवलेला असतो. देणारा आणि घेणारा एकच. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. ज्याला द्यायचं, त्याच्याकडूनच कसं घ्यायचं? आम्हीही सिस्टरना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला नुसतं घ्यायलाच लावलं तर तो मान वर करून चालेल का?"

येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून लोकांना बघत होता, ही गोष्ट बायबलमधल्या मार्क आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानात आहे. श्रीमंत पुष्कळ टाकत होते. एका गरीब विधवेने दोन दमड्या टाकल्या. येशू म्हणाला, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. ही गोष्ट बहुतेक वेळा देणगी मागण्यासाठी सांगितली जाते. या शाळेत तिचा अर्थ असा लावलाय, की विधवेलाही पेटीपर्यंत जाऊ द्यावं. तिला बाजूला बसवून तिच्यासाठी वर्गणी काढू नये.

(दृश्य : जून. पहिल्या आठवड्यातली गर्दी. टेपने माप घेणारे शिंपी.)

निवेदन :
गणवेशाचं प्रकरण जरा सविस्तर बघू. सोलापुरात गणवेशांचे कारखाने आहेत. इथे शिवलेले शर्ट-पँट देशभरातल्या शाळांत जातात. दुसऱ्याच्या मुलांचे गणवेश शिवणाऱ्या आईचं स्वतःचं पोर मात्र गेल्या वर्षीच्या, वर चढलेल्या पँटमध्ये शाळेत येतं. हे चित्र इथे नवं नाही.

शाळेने काय केलं? गरजू मुलांची यादी वाचून त्यांना वेगळं उभं केलं नाही. सगळ्या वर्गाची मापं घेतात. ज्यांना नवा शिवायचा नाही, त्यांचीही. गणवेश सगळ्यांना त्याच रंगाच्या पिशवीत मिळतो. पावती सगळ्यांना. पावतीवर रकमेची जागाच नाही, फक्त 'मिळाले' असा शिक्का. पैसे कुणी भरले आणि कुणाचे मदतीतून गेले, ते एका वहीत. ती वही सिस्टरच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सिस्टरच्या कमरेला.

धान्याचंही तसंच. शनिवारी 'वही बघायला या' असा निरोप जातो. निरोप दहा आयांना जातो. वह्या दहाही जणींना दाखवतात, अक्षर सुधारा म्हणून सांगतात. जाताना त्यातल्या काहींच्या पिशवीचं वजन वाढलेलं असतं.

आता इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे जून आला की वह्यावाटप येतं. चौकात मांडव, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर साहेबांचा हसरा चेहरा. तोच चेहरा वहीच्या मुखपृष्ठावर. पोराने वर्षभर गणितं त्या चेहऱ्याच्या मागे सोडवायची. वही देताना एक हात मुलाच्या खांद्यावर आणि नजर कॅमेऱ्यात. वही कामाची असते, नाही असं नाही. पण त्या फोटोतल्या मुलाचा चेहरा कधी नीट बघितलाय? मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू सांगतो, दान करताना पुढे कर्णे वाजवू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. फ्लेक्स त्या काळी नव्हते म्हणून कर्णे म्हटलं असावं.

या माहितीपटासाठी शाळेने आम्हाला एकच अट घातली. पिशवी घेतानाचं दृश्य घ्यायचं नाही. शाळेचं नावही नको. आधी आम्हाला ही अट अडचणीची वाटली. माहितीपटाला दृश्य लागतं. मग आम्ही कॅमेरा फळ्याकडे वळवला.

(दृश्य : भिंतीवर हाताने रंगवलेला तक्ता. सात चौकोन, सात चित्रं.)

निवेदन :
तिसरीच्या वर्गात हा तक्ता आहे. कॅथलिक परंपरेत याला दयेची सात शारीरिक कृत्यं म्हणतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. पहिली सहा मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली, शेवटच्या न्यायाच्या प्रसंगातली. मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. तिथे प्रश्नपत्रिका एवढीच आहे. कोण किती वेळा प्रार्थनेला आलं, हे त्या उताऱ्यात विचारलेलं नाही. सातवं, मूठमातीचं, बायबलमधल्याच तोबीतच्या ग्रंथातून परंपरेने जोडलं.

कैद्याचा चौकोन पोरांनी सर्वांत मन लावून रंगवलाय. गजामागचा माणूस, मिशा मोठ्या.

पण सोलापुरात राहणाऱ्याला दुसरा चौकोन जास्त कळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला पाणी चार-चार दिवसांनी. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, तरी घागर भरायची वाट बघणं आपल्या नशिबी. शाळेच्या आवारात बोअर आहे, गाळणारं यंत्र आहे. सुटीच्या घंटेनंतर पाच मिनिटं नळ चालू ठेवतात. मुलं बाटल्या भरतात. काहींच्या दप्तरात दोन-दोन बाटल्या, दोन-दोन लिटरच्या. पुस्तकं हातात, दप्तरात पाणी. शिपाई मामा नळापाशी उभे असतात. सांडलं तर ओरडतात, दुसरी बाटली का म्हणून कधी विचारत नाहीत.

(दृश्य : पाण्याने जड झालेलं दप्तर. पट्टा सावरणारी मुलगी.)

निवेदन :
एक प्रश्न टाळून चालणार नाही. सिस्टरांची शाळा, फुकटचं धान्य, म्हणजे धर्म बदलायला लावतात का? गल्लीत हे बोललं जातं, पालकही बोलतात. सिस्टरना याचं नवल वाटत नाही. त्यांच्या कार्यालयात पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ सालच्या परिपत्रकाची प्रत आहे. प्रेम हा देवाचा स्वभाव, हा तिचा विषय. त्यात पोपनी साफ लिहिलंय, की सेवाकार्य हे धर्मांतराचं साधन करायचं नाही. प्रेम बदल्यात काही मागत नाही. गल्लीतली शंका परिपत्रकाने फिटत नाही, हे खरंच. ती फिटली असेल तर वर्षानुवर्षं एकाच दारातून मुलं पाठवून. आज ज्यांची पोरं इथे आहेत, त्यांतल्या कित्येक आया स्वतः इथेच शिकल्या. आजही त्या श्रावण पाळतात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जातात, मोहरमला सरबत वाटतात.

दुसरी गोष्ट शाळांनाच टोचणारी. शिक्षण हक्क कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४च्या निकालांनी त्यातून सूट मिळाली. म्हणजे ख्रिस्ती शाळेने गरीब मूल घ्यावं, अशी सक्ती कायदा करत नाही. मग घ्यायचं की नाही, हे ठरवतं कोण? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात एक फार बोचरं उदाहरण आहे. बहीण-भाऊ उघडे आहेत, उपाशी आहेत, आणि तुम्ही त्यांना म्हणता, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा. आणि देत काहीच नाही. काय उपयोग? प्रवेशाच्या दिवशी शुल्काचा तक्ता दाखवून गोड हसणाऱ्या प्रत्येक शाळेच्या दारावर हे वाक्य लावायला हरकत नाही. क्रूस असो वा नसो.

आणि डब्यातल्या ज्वारीने विडीची मजुरी वाढत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच कामगाराच्या न्याय्य मजुरीबद्दल लिहिलं होतं, आणि २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेताना त्या लिखाणाची आठवण काढली. मजुरीचा लढा सोलापूरच्या विडी कामगार बायका लाल बावटा घेऊन लढत आल्यात. शाळा ते करत नाही, करू शकतही नाही. सिस्टर हे आढेवेढे न घेता कबूल करतात.

(दृश्य : चौथीचा वर्ग. टेबलावर ओतलेली चिल्लर. रुपये, दोन रुपये, पाचाची नाणी.)

निवेदन :
ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांचा रविवार असतो. त्याआधी चिल्लरीचा डबा फुटतो. धान्य कुठे जातं, ते मुलांना सांगत नाहीत. पण चिल्लरीचं काय करायचं, ते चौथीचा वर्ग ठरवतो. या वेळी वर्गातला एक मुलगा पंधरवडाभर आलेला नाही. त्याची आजी सिव्हिल हॉस्पिटलात आहे, आई तिच्यापाशी. आजारपण सगळ्या गल्लीला माहीत असतं, त्यामुळे हे उघडपणे बोलायला हरकत नव्हती.

एका मुलीने सुचवलं, फळं नेऊ या. सफरचंदं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "फळं कशाला बे? तिथं जायला रिक्षा लागती की!"

टीचरनी फळ्यावर दोन रकाने केले : फळं, रिक्षा. हात वर झाले. कुणीतरी दोन्हीकडे हात वर केला, त्यावरून भांडण झालं. मग एका मुलाने माहिती पुरवली, की आजीला साखर आहे, तिला फळं चालतात का, हे आधी विचारायला पाहिजे. फळांची बाजू तिथेच पडली. आईला आठवडाभर जायला-यायला रिक्षा लागते, तिचा हिशेब मांडला. तो जमलेल्या रकमेत बसला आणि वर थोडे उरले.

उरलेल्या पैशांचं काय, यावर घंटा होईपर्यंत एकमत झालं नाही. चेंडू घ्यावा असं म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती. टीचर नाही म्हणाल्या. पोरं म्हणाली, तो परत आल्यावर त्यालाही खेळायला देऊ की. टीचर म्हणाल्या, उद्या बघू.