चष्मा लावलेली पिल्लं

श्रोतेहो, नमस्कार.

चौदा वर्षांच्या मुलीचा चष्म्याचा नंबर गेल्या वर्षी सव्वादोन होता, यंदा तीन निघाला. आईबाबा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतात. हा असाच वाढत जाणार का? आणि मग जरा दबक्या आवाजात, चष्मा लावल्यामुळेच वाढत नाही ना? पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो, म्हणजे माझी आवडती गोष्ट सांगायला वेळ उरेल.

वाढतो, पण जन्मभर नाही. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा पुढून मागे जरा जास्तच लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब. त्यात एकच मिलिमीटर जादा पडला की नंबर अडीच-तीनने पुढे जातो. अमेरिकेत चष्मा लागलेल्या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. १५व्या वर्षापर्यंत जवळजवळ निम्म्यांचा नंबर थांबला होता, १८व्यापर्यंत चारातल्या तिघांचा, २१व्यापर्यंत दहातल्या नऊ जणांचा. पुन्हा सांगतो: पंधराला निम्मे, एकविसाला दहात नऊ. ज्याला आठव्या वर्षी चष्मा लागला त्याच्यापुढे वाढीची वर्षं जास्त, म्हणून त्याच्याकडे लक्षही जास्त हवं.

आता गोष्ट. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जॉश वॉलमन नावाचे संशोधक होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांना झापडं बांधली, अशी की फक्त समोरचं दिसावं, बाजूचं नाही. पिल्लं वाढली आणि त्यांना जबरदस्त मायनस नंबर आला! हे १९७८ साली छापून आलं. तोवर नंबर म्हणजे आईबापांकडून आलेली देणगी, असं मानणारे पुष्कळ होते. इथे तर नुसतं दिसणं बदललं आणि डोळ्याचा आकारच बदलला.

पुढे त्यांनी डोळ्याच्या अर्ध्याच भागासमोर धूसर पडदा लावला. डोळा तेवढ्याच अर्ध्या भागात मागे सरकला, उरलेला जागच्या जागी. मग कुणीतरी विचारणारच, हे मेंदू करवतो का? त्यांनी डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस कापून पाहिली. तरीही डोळा लांबलाच. म्हणजे किती वाढायचं याचा हिशोब डोळा बराचसा स्वतःच करतो, आतल्या दृष्टिपटलाच्या, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं त्या मागच्या पडद्याच्या जोरावर.

कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांसाठी पैसे हवेत असा अर्ज आज कुणी केला तर तो पहिल्याच टेबलावर हसण्यावारी जाईल, असं मला नेहमी वाटतं. उपयोग काय ते आधी लिहून द्या, म्हणतील. असो.

१९८८ मध्ये शेफेल, ग्लासर आणि हाउलंड या तीन संशोधकांनी पिल्लांना खरोखरचे चष्मे लावले. मायनस भिंग लावलं की डोळा लांब होई, प्लस लावलं की वाढ मंदावे. डोळा त्या भिंगाशी जुळवून घेत होता. डोळ्यांवर भिंगं आणि खाली दाणे टिपण्याची घाई, असं एखादं पिल्लू मनात आणून बघा!

मग आला की नाही तो दबक्या आवाजातला प्रश्न? मायनस भिंगाने डोळा लांबतो, तर मुलांचे चष्मे काढून टाकावेत? नाही. पिल्लाच्या निरोगी डोळ्यावर नको असलेला नंबर लादला होता. तुमच्या मुलीचा डोळा आधीच लांबलाय, चष्मा फक्त चित्र पुन्हा दृष्टिपटलावर आणतो. मलेशियात ९ ते १४ वर्षांच्या काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन दोन वर्षं पाहिलं. नंबर थांबला नाही, उलट पूर्ण नंबर लावणाऱ्यांपेक्षा थोडा जास्तच वाढला. तेव्हा पूर्ण नंबर लावा. ‘थोडा कमीच द्या’ असं सांगू नका.

बाहेरचा उजेड मात्र उपयोगी. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी नव्याने मायनस नंबर लागलेली मुलं शंभरात चाळीसच्या जागी तीस निघाली. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन जास्त तयार होतं आणि ते वाढीला लगाम घालतं, असं मानतात. चष्मा लागण्याआधी हा उपाय जास्त चालतो, नंतर कमी. आणि खेळाचा तास गणिताला देणारे शिक्षक ऐकत असतील तर त्यांना माझा एक खास नमस्कार.

नंबर झपाट्याने वाढत असेल तर अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब किंवा खास भिंगं, याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला. त्यांनी वेग कमी होतो, लांबलेला डोळा आखूड होत नाही. लेझरनेही होत नाही, ते फक्त डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा घासतं, तेही नंबर स्थिर झाल्यावर. लांबलेल्या डोळ्यात दृष्टिपटल ताणलेलंच राहतं, म्हणून मायनस सहाच्या पुढे गेलेल्यांनी चष्मा सुटला तरी दृष्टिपटलाची तपासणी सोडायची नाही. अचानक डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.