अदिती अशोक : शाळेच्या शेवटच्या वर्षातलं टूर कार्ड

(दृश्य : गोल्फ कोर्स, सकाळ. टी-बॉक्सवर एकटी खेळाडू, मागे बॅग घेतलेला कॅडी.)

आपल्याकडे बहुतेकांना गोल्फ माहीत असतो तो कॅन्टोन्मेंटच्या भिंतीपलीकडे दिसणाऱ्या हिरवळीपुरता. आत काय चालतं, त्याच्याशी आपला संबंध नसतो. बंगळुरूच्या अशोक कुटुंबाचाही नव्हता. आई-वडील दोघांपैकी कुणी कधी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या रेंजजवळ खायला जायचे, तिथून लोक चेंडू मारताना दिसायचे. पाच वर्षांच्या मुलीला ते करून बघावंसं वाटलं, आणि मग तिघंही शिकायला लागले. मुलगी लवकरच दोघांच्या पुढे गेली.

२०११ मध्ये अदिती जेमतेम तेरा वर्षांची होती. तेव्हाच तिने भारतातल्या महिलांच्या व्यावसायिक टूरवरची, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेतली, स्पर्धा जिंकली. पण ती हौशी खेळाडू होती, ज्याला गोल्फमध्ये ॲमॅच्युअर म्हणतात. ॲमॅच्युअरने व्यावसायिक स्पर्धा जिंकली, तरी करंडक त्याचा आणि बक्षिसाची रक्कम त्याच्या खालच्या व्यावसायिकाची. त्या काळी तर ॲमॅच्युअरला जाहिरातीचे पैसेही घेता येत नसत. हे नियम २०२२ मध्ये सैल झाले. अदितीची ॲमॅच्युअर कारकीर्द सगळी त्याआधीची.

(दृश्य : स्कॉटलंड-इंग्लंडमधले कोर्स, वारा, वाकलेलं गवत.)

२०१५. सेंट अँड्र्यूजला सेंट रूल ट्रॉफी तिची. ब्रिटिश महिलांची ॲमॅच्युअर स्ट्रोक प्ले स्पर्धाही तिचीच. वय सतरा. या टप्प्यावर चांगल्या ॲमॅच्युअर मुलींपुढे एक मळलेली वाट असते : अमेरिकेतल्या विद्यापीठात गोल्फची शिष्यवृत्ती. चार वर्षं खेळ, पदवी, आणि मग बघू. वाट वाईट नाही, घरच्यांची झोपही शाबूत राहते. पण एकदा व्यावसायिक झालं, की तो दरवाजा बंद. कॉलेज गोल्फ व्यावसायिकांना खेळता येत नाही.

अदितीने तो दरवाजा आपणच लावून घेतला. तिला घाई होती, आणि त्या घाईला कारण होतं रिओ.

ऑलिंपिकमध्ये महिलांचा गोल्फ आधी एकदाच झाला होता, १९०० साली पॅरिसमध्ये. त्यानंतर थेट २०१६. मैदानात साठच जणी, निवड जागतिक क्रमवारीवरून, आणि एका देशाच्या किती जणी यालाही मर्यादा. यादी जुलैमध्ये पक्की होणार होती. क्रमवारीचे गुण मिळतात मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत. टूर कार्ड, म्हणजे टूरवर हंगामभर खेळायचा परवाना, नसेल, तर तिथे कुणीतरी आमंत्रण देईल याची वाट बघायची. आमंत्रणांवर ऑलिंपिक गाठायचं म्हणजे कठीणच.

(दृश्य : मराकेश, ताडाची झाडं, लांबवर ॲटलासच्या रांगा.)

डिसेंबर २०१५, मोरोक्को. लेडीज युरोपियन टूरचं क्वालिफाइंग स्कूल. नाव शाळेचं, पण इथे शिकवत कुणी नाही. इथे फक्त परीक्षा असते. वरच्या मोजक्या जणींना पूर्ण हंगामाचं कार्ड मिळतं, बाकीच्यांचं वर्ष टांगणीला लागतं. अदिती पास तर झालीच, पण पहिलीही आली. ही पात्रता स्पर्धा जिंकणारी सर्वांत लहान खेळाडू, आणि पहिली भारतीय. २०१६ उजाडलं ते व्यावसायिक म्हणून. आणि शाळेचं शेवटचं वर्ष अजून संपायचं होतं!

मग बदललं काय? चेंडू तोच, होलही तेवढाच. हिशेब बदलला. विमान, हॉटेल, कॅडी, सगळं आता आपल्या खिशातून. दर आठवड्याला कट असतो : पहिल्या फेऱ्यांनंतर रेषेच्या खाली राहिलात, तर बॅग भरायची आणि रिकाम्या हाताने पुढचं शहर गाठायचं. कटच्या रेषेवर चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका, उभा राहतो, तेव्हा त्याच्यावर पुढच्या आठवड्याचं भाडं असतं. अदितीचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, फार लांब जात नाही. टूरवरच्या कित्येक जणी तिच्या पुष्कळ पुढे चेंडू टाकतात. तिची कमाई होलभोवतीच्या गुळगुळीत ग्रीनवरची, पट मारायच्या काठीची, पटरची. माझ्या मते व्यावसायिक झाल्यावर तिने केलेली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे दुसऱ्या कुणासारखं खेळायला न जाणं.

(दृश्य : रिओ. वडिलांच्या खांद्यावर बॅग.)

ऑगस्ट २०१६. वय अठरा, मैदानातली सर्वांत लहान. कॅडी म्हणून सोबत वडील. पहिले दोन दिवस ६८ आणि ६८ फटके; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. अचानक नाव वरच्या दहांत! भारतात लोक बर्डी म्हणजे काय ते शोधू लागले (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी). मग ७९ आणि ७६, आणि शेवटी संयुक्त एक्केचाळिसावी. काहींनी हळहळ व्यक्त केली. पण आठ महिन्यांपूर्वी जिच्याकडे कार्डही नव्हतं, तिच्याबद्दल हळहळायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

नोव्हेंबरमध्ये गुरगाव, इंडियन ओपन. शेवटच्या होलवर बर्डी, एका फटक्याने विजय. लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. दोन आठवड्यांत दोहाला कतार ओपनही तिचीच. वर्षअखेरीस टूरची सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून नाव जाहीर झालं. पुढच्या वर्षापासून अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक टूर, एलपीजीए.

पाच वर्षांनी टोकियोत बॅग आईच्या खांद्यावर होती. ७ ऑगस्ट २०२१, नीरज चोप्राच्या सुवर्णपदकाचा दिवस. त्या दिवशी भल्या पहाटेपासून घराघरांत टीव्हीवर गोल्फ चालू होता. अदिती चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्यावर. फटके मारण्याच्या अंतरात ती सर्वांत मागच्यांत होती. पटिंगमध्ये मात्र पुढे फारसं कुणी नव्हतं.