इमर्जन्सी पिल: उशीर नेमका कुठे होतो

नमस्कार. विषय लिहिलाय ‘आपत्कालीन गर्भनिरोधन’, पण आपण सगळे इमर्जन्सी पिल किंवा 72 तासांची गोळी म्हणतो, मीही तेच म्हणते.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण दर वेळी गाडी इथेच अडते. ही गर्भपाताची गोळी नाही. त्या गोळ्या वेगळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, त्यांचं काम वेगळं आणि त्या घ्यायची वेळही वेगळी. इमर्जन्सी पिल घेतली आणि त्याआधीच दिवस गेलेले असतील, तर त्या गर्भाला या गोळीने काही होत नाही, तो पडतही नाही आणि त्याच्यात व्यंगही येत नाही.

मग ती करते काय? हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंडाशयात एक छोटी पाण्याने भरलेली पिशवी वाढत असते, तिला आम्ही फॉलिकल म्हणतो, सोनोग्राफीत छान दिसते ती, साधारण 20 मिलिमीटरच्या आसपास गेली की मेंदूच्या खाली जी पिट्युटरी ग्रंथी आहे तिथून एलएच नावाच्या हॉर्मोनची मोठी लाट येते आणि त्यानंतर दीडेक दिवसात पिशवी फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. बीज जगतं जेमतेम 12 ते 24 तास. शुक्राणू मात्र आत 5 दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे संबंध आला सोमवारी आणि बीज बाहेर पडलं गुरुवारी, तरी दिवस राहू शकतात. या मधल्या दिवसांतच गोळीला काम करायचं असतं. गोळीतलं लेव्होनॉरजेस्ट्रेल, 1.5 मिलिग्रॅम, ती लाट येऊच देत नाही किंवा पुढे ढकलते, बीज लांबतं आणि तोवर शुक्राणू संपलेले असतात. लाट आधीच सुरू झाली असेल तर मात्र या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

आता ते ‘72 तास’. बायका म्हणतात अजून दोन दिवस आहेत ना डॉक्टर, उद्या बघते. असं नाहीये हो ते! जागतिक आरोग्य संघटनेचा 1998 साली लॅन्सेटमध्ये छापून आलेला मोठा अभ्यास आहे, त्यात ही गोळी पहिल्या 24 तासांत घेतलेल्यांमध्ये एरवी राहिल्या असत्या त्यातल्या 95 टक्के गर्भधारणा टळल्या, दुसऱ्या दिवशी 85 टक्के आणि तिसऱ्या दिवशी 58. चौथ्या-पाचव्या दिवशीही थोडा उपयोग होऊ शकतो, पण बीज कधी सुटणार हे आपल्याला बाहेरून कळत नाही, म्हणून जितकी लवकर तितकं बरं, रात्रीच घ्या, सकाळची वाट बघू नका.

आणि उशीर होतो तो कुठे? बहुतेक वेळा लाजेपायी. एक बाई मेडिकलच्या दुकानापर्यंत जाते, काउंटरवर दोन-तीन माणसं उभी असतात, ती बाजूला उभी राहून त्यांची गर्दी संपायची वाट बघते, ती संपत नाही, मग डोकेदुखीची गोळी घेऊन घरी येते. त्यात गेली एक रात्र. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली तर लग्न झालंय का, नवरा कुठाय, अशी चौकशी. यातल्या एकाही प्रश्नाच्या उत्तराने गोळीचा डोस बदलत नाही! विचारायचं ते इतकंच: संबंध कधी आला, शेवटची पाळी कधी आली, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. गोळी देण्यासाठी आतून तपासणी लागत नाही, रक्ताची टेस्ट लागत नाही. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना मी हे मुद्दाम सांगते, तुमच्या एका नजरेने बाई परत फिरते.

औषधांचं का विचारायचं, तर टीबीचं रिफाम्पिसिन, फिटसच्या काही गोळ्या म्हणजे फेनिटोइन, कार्बामॅझेपिन, यांनी या गोळीचा असर कमी होतो, मग डोस दुप्पट करतात किंवा दुसरा मार्ग घेतात. वजन जास्त असेल तरी असर कमी पडू शकतो. अशा वेळी युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी आहे, 30 मिलिग्रॅम, ती 5 दिवसांपर्यंत चालते आणि एलएचची लाट नुकती सुरू झाली असेल तरी बीज अडवू शकते. पण रिफाम्पिसिन किंवा फिटसच्या गोळ्या चालू असतील तर तीही कमी पडते, हे लक्षात असू द्या.

आणि तांबी! सगळ्यात जास्त खात्रीचा उपाय आणि त्याबद्दलच कुणी बोलत नाही. संबंधानंतर 5 दिवसांच्या आत तांबी बसवली तर दिवस राहण्याचं प्रमाण हजारात एखादं. तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात, वजनाचा प्रश्न नाही, इतर औषधांचा प्रश्न नाही, आणि वर पुढची 10 वर्षं तीच चालू राहते. मग सांगत का नाहीत? कारण ती बसवायला शिकलेला माणूस लागतो, वेळ लागतो, गोळी देऊन मोकळं होणं सोपं. दोन मुलं झालेली, कंडोम फाटला म्हणून घाबरून आलेली बाई, तिला आता मूलच नकोय, आणि तिला कुणी तांबीचा त शब्दही सांगितला नाही, हे मला फार लागतं.

बलात्काराच्या केसमध्ये तर ही गोळी पहिल्या भेटीतच हातात द्यायला हवी, बाकीचे कागद नंतर. आणि एचआयव्ही टाळण्याची औषधंही 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात, ते विसरू नका, कारण इमर्जन्सी पिल कुठल्याही लैंगिक आजारापासून वाचवत नाही.

सारखी घेतली तर पुढे मूल होत नाही, हे खोटं आहे. पाळी पुढेमागे होते, मळमळ होते, एवढंच. घेतल्यावर 2 तासांत उलटी झाली तर परत घ्या, युलिप्रिस्टल असेल तर 3 तास धरा. पण दर महिन्याला घेत असाल तर माझ्याशी बोला, धोका म्हणून नाही, रोजच्या गोळ्या किंवा तांबी तिच्यापेक्षा किती तरी जास्त भरवशाची आहे म्हणून.

एक मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. गोळीने बीज पुढे ढकललंय, म्हणजे ते नंतर येणार आहे. आज गोळी घेतली आणि चार दिवसांनी परत काही न वापरता संबंध आला तर बीज नेमकं तेव्हाच सुटू शकतं. या गोळीचं काम त्या एका वेळेपुरतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतली असेल तर रोजच्या गोळ्या लगेच सुरू करता येतात, पहिले 7 दिवस कंडोम वापरायचा, युलिप्रिस्टल घेतली असेल तर 5 दिवस थांबून, कारण दोन्ही हॉर्मोन एकमेकांच्या आड येतात. आणि 3 आठवड्यांत पाळी नाही आली तर घरीच लघवीची टेस्ट करा.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं की आधीच आणून घरात ठेवली तर चालेल का. हो, जरूर ठेवा, हाताशी असली की बायका ती लवकर घेतात हे अभ्यासात दिसलंय आणि त्यामुळे मुली बेफिकीर होतात असं कुठे दिसलेलं नाही. फक्त पाकिटावरची एक्सपायरी बघून घ्या आणि मैत्रिणीला दिलीत तर तिला ती चार दिवसांनंतरची गोष्टही सांगा.